एलिझरकाकाचा दिवा

कराचीला कुणी जायचं हा प्रश्न आमच्या घरात कधी पडलाच नाही. जाऊ शकेल असं एकच माणूस होतं, आणि त्याला मराठी वाचता येत नव्हतं.

आईकडे भारताचा पासपोर्ट. भाऊ अश्दोदला असतो, त्याचा इस्रायलचा, म्हणजे त्याचं नावच काढायला नको. माझा आयरिश, पण त्यावर जन्मगाव ठाणे छापलंय, त्यामुळे मी त्या फंदातच पडले नाही. उरली माझी मुलगी रेवा. जन्म डब्लिनचा, वाढली तिथल्याच टॅला उपनगरात, आणि कराचीची झारा तिची कॉलेजातली मैत्रीण. झाराचं लग्न कराचीत ठरलं तेव्हा आई जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, "हिला तिकडे बघून येऊ दे."

काय बघायचं ते मला लहानपणापासून पाठ होतं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. अलिबागेकडे आमच्या पणज्या-खापरपणज्यांना शनवार तेली म्हणायचे, कारण ते शनिवार पाळायचे आणि त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवायचे. आईचे वडील, दाऊद सॅम्युएल झिराडकर, रेल्वेच्या नोकरीपायी कराचीला गेले. फाळणीच्या साली ते तापाने वारले, आणि काही आठवड्यांतच आजीने पोरांना घेऊन मुंबईची बोट धरली. आई तेव्हा नऊ वर्षांची होती. आजोबांचे धाकटे भाऊ एलिझरकाका मागे राहिले. धक्क्यावर त्यांनी आजीला शब्द दिला की वर्षाच्या आत दादाच्या कबरीवर दगड लावतो. आमच्यात वर्षाच्या आत दगड लावायचा असतो. त्यानंतर त्यांचं पत्र नाही की निरोप नाही. आजी मरेपर्यंत म्हणायची, माझा माणूस तिथे बेवारशासारखा पडलाय. तेच दुखणं पुढे आईने चालवलं. आमच्या घरात कुणी खोटं बोललं की त्याला एलिझर म्हणायचे.

एलिझरकाकाने दगड लावला का, एवढंच आईला मरायच्या आधी कळायला हवं होतं.

मी रेवाला एका कागदावर मोठ्या अक्षरात आजोबांचं नाव लिहून दिलं. तिला मराठी कळतं सगळं, पण उत्तर इंग्रजीत, तेही टॅलाच्या हेलात. अक्षर एकही येत नाही. शनिवारच्या मराठी शाळेत घालावं असं मला वाटायचं, पण शनिवार म्हटलं की आई डोळे वटारायची. मराठी मंडळाची ही शाळा रविवारी का नाही हे विचारायला गेले असते, तर आम्ही कोण हे सांगावं लागलं असतं. समोरच्या घरातली मुक्ता, पुण्याची, मंडळाची उत्साहमूर्ती, तीन वर्षं मला नाताळच्या शुभेच्छा देत होती. शेवटी एकदा सांगितलं तर म्हणाली, "अय्या, ज्यू? पण दीनाताई, तुम्ही तर आपल्यासारखंच मराठी बोलता." तिच्या मनात वाईट काही नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. आणि आजकाल, रोज इस्रायलच्या बातम्या असताना, आयरिश माणसाला सांगायचं तर मी आधी त्याचा चेहरा बघते, मग ठरवते.

तर रेवा गेली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी झाराच्या वडिलांनी तिला गाडीने त्या जुन्या कबरस्तानात नेलं. राखणदाराने कुलूप काढलं. आत बाभळीची रानं, त्यांतून दगडामागून दगड, काही हिब्रू, काही इंग्रजी, काही मराठी. झाराचे वडील तिच्याबरोबर काटे तुडवत दुपारभर फिरले. हे सगळं तिने मला फोनवर रडत, हसत सांगितलं. "मॅम, आय फाउंड हिम," म्हणाली. दगड धुतला, आमच्या रीतीप्रमाणे वर खडा ठेवला, मेणबत्ती लावली. झाराच्या वडिलांनीही हात पसरून दुवा मागितली.

फोटो आला तेव्हा मी हॉस्पिटलात स्टाफरूममध्ये चहा घेत होते. छान दगड होता, घडीव. त्यावर स्वच्छ देवनागरीत लिहिलं होतं: एलिझर सॅम्युएल झिराडकर. खाली मरणाचं साल १९६३, आणि हा दगड मुलांनी उभारला.

तीन शब्दांतले दोन जुळत होते, भाऊभाऊच ते. रेवाने शेवटचे दोन ताडून पाहिले, पहिल्याकडे नीट पाहिलंच नसेल, आणि नाचली. फोटोत शेजारी मोकळी जागा होती, गवत वाढलेली. तिथे काही असेलही, नसेलही. माझा चहा तसाच राहिला. स्वतःला घडीव दगड, आणि भावाला गवत. मेलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

आईचे डोळे गेल्यात जमा आहेत. कडेचं थोडं दिसतं, समोरचं नाही. ठाण्याच्या बातम्या, भावाचे मेसेज, औषधाच्या बाटलीवरचं नाव, सगळं तिला मीच वाचून दाखवत आले. त्या संध्याकाळी घरी पोचले तर ती कुठे निघायला कोट घालून बसावं तशी ताठ बसून होती. रेवाने तिला आधीच फोन केला होता.

"वाच," ती म्हणाली.

मी फोन हातात धरला. खरं सांगितलं तर नऊ वर्षांच्या पोरीला शहाऐंशीव्या वर्षी पुन्हा धक्क्यावर उभं करायचं. आणि रेवाला काय सांगायचं, की तू बदमाशाच्या कबरीवर मेणबत्ती लावून आलीस? मी वाचलं, "दाऊद सॅम्युएल झिराडकर."

"आणि खाली?"

"खाली लिहिलंय, हा दगड धाकट्या भावाने उभारला."

एवढं बोलायची काही गरज नव्हती. खोटं बोलायला लागलं की माणूस हात सैल सोडतो. आई मग पदराने डोळे पुसत म्हणाली की मी त्याला जन्मभर शिव्या दिल्या, माझ्या आईनेही दिल्या, आणि तो बिचारा शब्द पाळून गेला.

पुढच्या शुक्रवारपासून घरात दोन दिवे लागायला लागले. एक शब्बाथचा, शुक्रवारी सांजेला लागणाऱ्या आमच्या शनिवारचा, नेहमीचा. दुसरा एलिझरकाकाच्या नावाचा, काचेच्या पेल्यात पाणी आणि वर खोबरेल तेल. आईचे हात थरथरतात, म्हणून लावायची मी. दर शुक्रवारी मी त्या माणसासाठी वात वळायची, आणि आई शेजारी बसून त्याची माफी मागायची. नेसलेलं फाडून फेकावं असं वाटायचं मला, पण सांगणार कुणाला? रेवाने परत आल्यावर तो फोटो मोठा करून स्क्वेअर मॉलमधून फ्रेम करून आणला आणि बाहेरच्या खोलीत, दिव्यांच्या बरोबर वर टांगला. घरात तो वाचू शकणारी मी एकटी. मग मी मराठी माणसांना घरी बोलवणं बंद केलं. मंडळात सांगितलं, ड्यूट्या फार आहेत.

पण मुक्ताला बोलवावं लागत नाही. दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी ती चकल्यांचा डबा घेऊन आली. बेल वाजली तेव्हा मी स्वयंपाकघरात प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, ताटल्या काढत होते. दार रेवाने उघडलं. तिनेच कौतुकाने फ्रेम दाखवली असणार; ती जिना चढून वर गेल्याचं ऐकू आलं आणि पाठोपाठ मुक्ताचा आवाज.

"अय्या, हे कराचीतलं? आणि चक्क मराठी! बघा ना आजी, किती सुंदर अक्षर आहे. एलिझर सॅम्युएल झिराडकर. हा दगड मुलांनी उभारला. केवढा अभिमान वाटतो, नाही?"

मी ताटल्या घेऊन दारात पोचेपर्यंत सगळं बोलून झालं होतं. आईने तिला पुन्हा वाचायला सांगितलं. मुक्ताने आनंदाने पुन्हा वाचलं, सालासकट. मग आई म्हणाली की चकल्या छान दिसताहेत, घरी सगळ्यांना आशीर्वाद सांग. मुक्ता गेली. मग रेवा खाली आली आणि ऑल ग्रँड, म्हणजे सगळं मस्त, म्हणत डबा घेऊन परत वर गेली. तिला काहीच कळलं नव्हतं.

आई फ्रेमच्या दिशेला बघत होती. तिला तिथे फक्त एक चौकोन दिसत असेल.

"म्हणजे नाहीच लावला," ती म्हणाली.

मी म्हटलं, आई, तुला त्रास होऊ नये म्हणून. रेवासाठी म्हणून. तिने हात वर करून मला थांबवलं.

"रेवाला वाचता येत नाही. तुला येतं."

खाली दोन्ही दिवे जळत होते. शब्बाथ लागला की दिवा विझवायचा नाही, गॅसला हात लावायचा नाही, हे मला तिनेच शिकवलं. लहानपणी शुक्रवारी रात्री मी एकदा मेणबत्तीवर फुंकर मारली होती, तेव्हा तिने दिलेली चपराक अजून आठवते.

"मालव तो दिवा," ती म्हणाली.

"आई, शब्बाथ आहे."

"मालव."

मी मालवला. खोलीभर तेलाचा वास राहिला. आई शेवटपर्यंत रडली नाही, जेवली, आणि हात धरू न देता आपल्या खोलीत गेली.

फ्रेम अजून तिथेच आहे, रेवाला काय सांगून काढणार? तिला आजी म्हणाली आहे की फोटो फार चांगला आलाय. आता संध्याकाळी आई तिलाच हाक मारते. रेवा तिला आयरिश बातम्या इंग्रजीत वाचून दाखवते, आईला त्यातलं निम्मं कळत नाही, तरी ती मान हलवते. मी शेजारच्या सोफ्यावरच बसलेली असते. औषधाच्या बाटलीवरचं नावसुद्धा ती आता मला विचारत नाही.