झुडपातला शिंपी

पावसाळा सरत आला की घड्याळजीकाका तळ्याकाठी पाहुणे पक्षी बघायला जात. यंदा लेकीने सोबत एक उंच पोरगा आणला. म्हणाली, "मित्र आहे. पक्ष्यांचं भारी वेड आहे त्याला."

पोराला कावळा-चिमणीपलीकडे काही कळत नव्हतं. त्याला फक्त काकांकडे लेकीचा हात मागायचा होता. दोन अडचणी होत्या. परदेशातली दोन स्थळं काकांनी आधीच परत पाठवली होती. "पाहुणे बघायचे असतात, त्यांना पोरगी द्यायची नसते," असं त्यांचं म्हणणं. आणि काकांच्या अंगातली पॅन्ट याच पोराने शिवली होती. शिवायला लेकीनेच टाकलेली, मापही तिनेच अंदाजे सांगितलेलं. पॅन्ट घोट्याच्या चार बोटं वरच थांबली होती.

गवत टोचलं की काका म्हणत, "ज्याने ही शिवली तो हाताला लागू दे एकदा."

मध्येच काका थबकले. "चतुर आहे. फार लांबून आलाय."

"नाही काका," पोरगा कसंनुसं हसला, "बसने आलो."

लेकीने कोपर मारलं. "येड्या, तो उडतोय ना, त्या किड्याला चतुर म्हणतात."

"आणि तो बघा, खाटीक," काका म्हणाले. "शिकार काट्याला टांगून ठेवतो."

पोराने मागे वळून पाहिलं, नुसता एक पक्षी होता. तरी त्याचं अवसान गळालं. लेकीला झुडपाआड ओढून तो म्हणाला, "माझ्याने नाही होणार."

तेवढ्यात पलीकडून काकांचा दबका आवाज आला. "शिंपी. झुडपात. जोडी आहे. हलू नका, किती दिवस शोधतोय याला."

पोरगा दोन्ही हात वर करून बाहेर आला. "काका, चुकलो. आत दोन इंच कापड आहे, पॅन्ट लांब करून देतो. आणि लग्न पण करतो."

काकांच्या दुर्बिणीसमोरून दोन चिमुकले हिरवे पक्षी भुर्रकन उडाले.

"मी त्या शिंप्याबद्दल बोलत होतो," काका म्हणाले.

मग काकांनी दुर्बीण पोरावर रोखली. "थंडीत कुठे असतोस?"

"दुकानात."

"उन्हाळ्यात?"

"दुकानातच. पंख्याखाली."

"बरोबर," काका लेकीला म्हणाले, "शिंपी पाहुणा नसतो. इथलाच असतो."

मग दगडावर उभं राहून त्यांनी पाय पुढे केला. "घे माप. आणि यावेळी हिला विचारू नकोस."