शेवटच्या टेबलावरचं घड्याळ

थोडं बोलू का? चावी अजून जराशी शिल्लक आहे, आणि ती संपली की मग कोणी विचारलं तरी तोंड उघडणार नाही. मी बुद्धिबळाचं घड्याळ. लाकडी, दोन तबकड्यांचं, डोक्यावर दोन बटणं असलेलं.

माझं काम सोपं आहे, पण फार दमवणारं. खेळाडू चाल करतो आणि आपल्या बाजूचं बटण दाबतो. त्याची तबकडी थांबते, समोरच्याची सुरू होते. दोघांना पंचवीस-पंचवीस मिनिटं. काटे सहाला पंचवीस कमी असे लावतात, आणि काटा बारावर आला की तिथे टांगलेला लाल झेंडा खाली पडतो. झेंडा पडला की डाव गेला. बाहेर सकाळचे दहा असोत नाहीतर दुपारचे चार, माझ्याकडे आपले सहाच वाजायचे. तीस वर्षं नुसते सहा वाजतायत. वैताग नाही येणार?

अंधेरीच्या एका बुद्धिबळ मंडळाने आम्हा बारा भावंडांना एकदम आणलं, तेव्हा आमचा काय थाट होता! पहिल्या टेबलावर बसायचो. भोवती माणसं श्वास रोखून उभी असायची. मग आकड्यांची नवी घड्याळं आली आणि आम्ही एकेक करून खोक्यात गेलो. कोणाची स्प्रिंग तुटली, कोणाची काच फुटली. चालू स्थितीत उरलो तो मी एकटा. स्पर्धेला नवी घड्याळं एकाने कमी पडतात, तेव्हा मला काढतात आणि हॉलच्या टोकाला, शेवटच्या टेबलावर ठेवतात.

शेवटच्या टेबलावर कोण येतं? सकाळपासून हरत आलेली माणसं. हरणारा माणूस बटण दाबत नाही, माझ्या डोक्यात हाणतो. चूक त्याच्या घोड्याची असते, मार मला.

एकच माणूस मला कधी जोरात मारत नसे. रोमुलो. फिलिपाइन्सचा. विमानतळाजवळच्या हँगरमध्ये विमानं दुरुस्त करायचा, मरोळला भाड्याने राहायचा. चार वर्षांत त्याने उपनगरातली एक स्पर्धा सोडली नाही. आमच्याच मंडळाची कधी घाटकोपरला, कधी बोरिवलीला असली तर मीही खोक्यातून जायचो आणि संध्याकाळपर्यंत आमची गाठ ठरलेली. कारण रोमुलो जिंकायचाच नाही. एकदाही नाही. आपल्याकडची पोरं त्याला वीस चालींत गुंडाळायची आणि वर ‘थँक यू अंकल’ म्हणायची.

त्या रविवारी अंधेरीच्या हॉलमध्ये सात फेऱ्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या शेजारीच बसून इडली खात होता. स्पर्धेची पंच निधी चकरा मारताना थांबली.

“कसं चाललंय सर?”

“चार गेम, चार झिरो,” तो हसून म्हणाला. चार वर्षांत त्याने मोडकं हिंदी कमावलं होतं. “गुरुवार को वापस जाता है मैं। काँट्रॅक्ट खतम। पापा हर संडे पूछता है, एक जीता क्या? उसने सिखाया ना मेरे को। आज लास्ट चान्स।”

पाचवी फेरी हरला. सहावी, नऊ वर्षांच्या चेतनाशी, तीही हरला. मला खरं सांगायचं तर वाईट वाटायचंही त्राण उरलं नव्हतं. कधी एकदा खोक्यात जातो असं झालं होतं.

सातव्या फेरीला त्याच्यासमोर लवूकाका बसले. कांदिवलीचे लवू धुरी, मूळचे मालवणकडचे, वय सदुसष्ट, गुडघे गेलेले, स्वभाव तिखट. तेही त्या दिवशी सगळं हरून आलेले. बसल्या बसल्या मला निरखून म्हणाले, “ह्या डबड्याक अजून जीव आसा?”

डाव रंगला. आणि काय सांगू, रोमुलो चक्क वरचढ ठरत होता! त्याचा एक हत्ती जास्त होता आणि एक प्यादं वजीर व्हायला दोन घरं उरली होती. फक्त वेळ कमी होता. त्याच्याकडे तीन मिनिटं, काकांकडे सहा. चाल काकांची होती. ते डोकं धरून बसले होते. गुडघा आखडला म्हणून त्यांनी टेबलाखाली पाय लांब केला आणि तो रोमुलोच्या पायाला लागला.

आता आपल्याकडे पाय लागला की माणूस काय करतो? विचार न करता हात पुढे जातो. काकांचाही गेला, पटावरून सरळ, रोमुलोला स्पर्श करून कपाळाला लावायला.

पण बुद्धिबळात डाव चालू असताना समोरच्याने हात पुढे केला तर त्याचा अर्थ एकच: मी हरलो. रोमुलोने तो हात दोन्ही हातांत धरला, गदागदा हलवला, माझी दोन्ही बटणं सारखी करून मला थांबवलं आणि निकालाच्या चिठ्ठीवर आपल्या नावापुढे एक लिहिला. डोळे भरून आले होते त्याचे.

“अरे, अरे! काय करतंस ह्या?” काका उठले. “मैं हारा नहीं रे बाबा! पाय लगा, पाय!”

निधी धावत आली. काकांनी तिला सांगितलं, “गो बाय, पाय लागलो, म्हणान हात लावलंय. हरलंय खंय मी?” तिने रोमुलोला सगळं समजावलं. मग त्यालाच म्हणाली, “पण सर, हात मिळवला, घड्याळ थांबलं. आता तुम्ही धरून बसलात तर पॉइंट तुम्हालाच द्यावा लागेल.”

रोमुलो चिठ्ठीवरच्या त्या एककडे किती वेळ बघत राहिला. घे ना बाबा, मला ओरडावंसं वाटलं, घे आणि घरी जा, आपण सगळेच सुटू. त्याने पेन उचललं, एक खोडला आणि काकांची तबकडी स्वतः सुरू करून दिली.

पण आता तो प्रत्येक चाल दोनदा तपासू लागला. सोप्या चालीला मिनिट मिनिट घेऊ लागला. प्यादं वजीर झालं, काकांचा राजा कोपऱ्यात गेला, आणि माझा डावीकडचा, रोमुलोच्या बाजूचा काटा झेंड्याला भिडला. मला थांबता येत नाही हो. माझ्या हातात असतं तर स्प्रिंग तोडून घेतली असती. त्याचा झेंडा पडला.

आमच्या स्पर्धेत झेंडा पडल्याचं समोरच्याने सांगावं लागतं. ‘झेंडा’ एवढा एक शब्द, की काका जिंकले असते. रोमुलोची मान पटावर होती; त्याने चाल केली आणि न बघताच बटण दाबलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग नीट, सावकाश, माझ्यावरून नजर काढली आणि आपला राजा एक घर सरकवला.

तीन चालींनी रोमुलो म्हणाला, “मेट.” मला थांबवायला वळला आणि त्याला झेंडा दिसला. चेहरा पडला त्याचा.

“अंकल, ये कब गिरा?”

“माका काय म्हायत? चष्मा किधर है मेरा?” काका म्हणाले. चष्मा नाकावरच होता. त्यांनी चिठ्ठी ओढून रोमुलोच्या नावापुढे स्वतःच्या हाताने एक लिहिला आणि खाली सही ठोकली.

रोमुलो उठून त्यांच्या बाजूला आला. वाकून त्याने काकांचा हात घेतला आणि आपल्या कपाळाला लावला. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात, हे निधीने नंतर विचारलं तेव्हा कळलं. काका मात्र गडबडून गेले.

“अरे, सोड! तुझो पाय खंय लागलो माका?”

गुरुवारी तो गेला असेल. मी परत खोक्यात आहे. मंडळाने यंदा नवी घड्याळं पुरेशी घेतली म्हणे, तेव्हा आता मला भंगारातच जायचंय, आणि त्याची तक्रार नाही, खरंच दमलोय. पण नव्या घड्याळांचा वेळ संपला की ती लुकलुकतात, चक्क किंचाळतात. अख्ख्या हॉलला कळतं. म्हणून मंडळवाल्यांनो, एवढं ऐका: शेवटच्या टेबलावर एखादं जुनं घड्याळ असू द्या, झेंडा पडला तरी गप्प बसणारं. मी नको. दुसरं कुठलंही चालेल.