बोटभर नळी

मित्रांनो, जुनवानी या वस्तीतल्या एका फाटकाआड धूळ खात उभी असलेली जुनी पांढरी मोटार म्हणजे मी.

माझे मालक अच्युतराव पोलाद कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होते. निवृत्त झाले त्याच महिन्यात त्यांनी मला घरी आणले. त्यांच्या पत्नी कमलिनीबाईंनी माझ्या बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढले. दर रविवारी अच्युतराव माझे तेलपाणी बघत. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि किल्ली मुलाकडे, हर्षलकडे गेली.

हर्षलने माझे बॉनेट कधी उघडले नाही. इंजिनाला जोडलेली एक बोटभर रबरी नळी उष्णतेने तडकली. त्या चिरेतून नको तेवढी हवा आत शिरू लागली. मग कोणी अॅक्सिलरेटर दाबला नाही तरी माझे इंजिन जोरात फिरू लागले.

अच्युतरावांनी तो आवाज व्हरांड्यातूनच ओळखला. "हर्षल, गाडी उभ्या उभ्या रेस घेऊन राहिली. मेकॅनिकले दाखव," ते म्हणाले.

"बाबा, रिटायर होऊन बारा वर्षं झाली. आता तरी मशिनी सोडा."

दोन महिने ते सांगत राहिले. हर्षल रोज 'उद्या' म्हणत राहिला.

एका दुपारी अच्युतराव माझ्यासाठी फाटक उघडत होते. हर्षलने नेहमीसारखा क्लच सोडला आणि मी झेपावले. ब्रेक लागला तोवर माझा बंपर आणि फाटकाचा खांब यांच्यात त्यांचा गुडघा चिरडला होता.

दवाखान्यातून परतल्यावर त्यांनी कॅम्प-१ या वस्तीतल्या हेमराज मेकॅनिकला बोलावले. हेमराजने इंजिन सुरू केले, क्षणभर कान दिला आणि ती नळी चिमटीत दाबली. इंजिन लगेच शांत झाले.

"बस, इतना ही था, साब," तो म्हणाला.

खुर्चीतून अच्युतराव हर्षलकडे बघत राहिले. हर्षल मोबाईलमध्ये बघत होता.

नळी बदलली. अच्युतराव आता काठीशिवाय चार पावलेही चालत नाहीत. हर्षलने दुसरी गाडी घेतली. पाहुण्यांना तो सांगतो, "ती गाडीच खराब होती." कमलिनीबाई माझ्याजवळून जाताना पदर आवरून घेतात.

मित्रांनो, मी यंत्र आहे. बिघडले तर कुरकुरू शकते, स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. मी दोन महिने कुरकुरत होते, आणि घरातला जाणता माणूस माझी बाजू मांडत होता. दोघेही जुने, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. यंत्राचे आणि म्हाताऱ्या माणसाचे म्हणणे वेळेवर ऐका. अच्युतराव आता कोणालाच काही सांगत नाहीत.