खिम्याची वीट

एवढासा तपकिरी कपचा, अर्ध्या नखाएवढा, खिम्याच्या यंत्रातल्या पिळाच्या खाचेत असा घट्ट बसलेला की आगकाडी मोडली तरी हलेना... हाड असणार. त्याने यंत्र खिडकीशी नेलं, एक डोळा मिटला, दुसरा बारीक केला. हाडच. आणि हाड म्हटल्यावर त्याने मोडकी काडी टाकून सुई शोधायला घेतली, कारण संध्याकाळी शाकाहारी विहीणबाई जेवायला येणार होत्या, आणि विहीणबाईंचं नाक म्हणजे—निदान शेजाऱ्यांना त्याने असंच सांगितलं होतं—बंदरात मासळीची बोट लागली की घरबसल्या बोटीचं नाव सांगणारं.

यंत्र बिडाचं, जुनं, टेबलाच्या कडेला आवळून दांडा फिरवायचं. बायकोचं. तिच्या हयातीत त्याचा आणि यंत्राचा संबंध एकदाच आला, ते त्याच्या पायावर पडलं तेव्हा. (पाय शाबूत राहिला, सांगताना तो म्हणे, पण फरशीला असं भोक पडलं की खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने मान वर करून विचारलं, चहा घेणार का?) सगळं आयुष्य त्याने बंदरावरच्या क्रेनमध्ये काढलं होतं, इतक्या उंचावर की पाखरं वाट विचारायला थांबत, जमिनीवरची कामं तिच्याकडे होती. स्वयंपाक तर होताच होता. आणि वर्षाच्या मोठ्या सणाला ती करायची ती वीट.

वीट हे त्यानेच ठेवलेलं नाव. खिमा, कांदा, शिळ्या पावाचा चुरा, सगळं मळून लांबट चौकोनी साच्यात दाबायचं, ओव्हनमध्ये भाजायचं, की साच्यातून निघते ती हुबेहूब वीट, वरून काळपट, आतून लालसर. ती विटेचे काप करायची आणि तो टेबलाच्या टोकाशी बसून गोष्ट सांगायचा—या विटेचं मांस मिळवताना खाटकाशी कशी झटापट झाली त्याची. मांस आणायची ती, झटापट व्हायची त्याची. दर वर्षी खाटकाचा सुरा वीतभर लांब व्हायचा.

आता ती नव्हती आणि सण होता. तिच्यानंतरचा पहिलाच.

एरवी व्याही आणि विहीणबाई आपल्या घरी सण करत. या वर्षी मुलीने हट्ट धरला, सगळे बाबांकडे जमू. ते दोघंही शुद्ध शाकाहारी, भांडंसुद्धा विचारून घेणारे. काल विहीणबाईंचा फोन आला होता. आवाज साखरेसारखा. "आमच्यासाठी काही करत बसू नका हो. आम्ही आपली फळं खाऊ. आणि पुढच्या वर्षीपासून सगळे आमच्याकडेच जमू या, तुम्हाला एकट्याला उगाच त्रास नको."

त्रास नको... खुर्चीसकट माणूस उचलून दुसऱ्याच्या घरात ठेवायला दोन शब्द पुरतात, क्रेन लागत नाही. त्याला ते घर दिसायला लागलं होतं: भिंतीकडेची खुर्ची, मांडीवर ताटली, तोंडात अर्धी गोष्ट, आणि समोरचा माणूस वाढून घ्यायला उठलेला. पाहुणा गोष्ट सांगत नाही. पाहुणा ऐकतो, आणि निघताना छान झालं होतं म्हणतो.

तेव्हा फळं खाऊन त्या गेल्या की खेळ खलास. त्याने बेत आखला होता—दोन विटा. एक खरी, तो, मुलगी आणि जावई यांच्यासाठी. जावई घरचा शाकाहारी खरा, पण विटेपुढे त्याचा नेम टिकला नव्हता! लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला पठ्ठ्याने चार काप हाणले होते, आणि सासऱ्याने डोळा मारून खूण केली होती, आईसाहेबांना कळणार नाही, मी आहे. जावयानेही उलट डोळा मारला होता. तेव्हापासून दर सणाला त्यांचं हे चाललेलं. तर दुसरी वीट बिनमांसाची, व्याह्यांसाठी. पण ती कशाची? कणकेची? बटाट्याची? त्याआधी यंत्र घासून लख्ख करायला हवं, म्हणून तर सकाळी उठून ते काढलं, आणि पहिल्याच झटक्याला हाड.

शेवटी सुईने टोकरल्यावर कपचा सुटला. तळहातावर घेतला. हाडाला अशी रेघ असते का? त्याने तो सरळ दाताखाली धरला... कडू. किंचित तेलकट, मग कडू. अक्रोडाचं टरफल.

अक्रोडाचं टरफल खिम्याच्या यंत्रात काय करत होतं?

काही नाही, कधी तरी केक केला असेल. पण केकला अक्रोड सुरीने चिरायची ती, फळीवर, टक टक टक, त्याच्या दुपारच्या झोपेत तो आवाज यायचा. त्याने पिळाला बोट लावून वास घेतला. माणसाने इतकी वर्षं खिमा काढला तर लोखंड बोलणार नाही का? लोखंड गप्प होतं. एखाद्या वाण्याच्या डब्यासारखा वास.

*

खाटीक त्याच्याच वयाचा, टक्कल पडलेला, आणि सुरा म्हणाल तर अगदी बेताचा.

"या क्रेनवाले! आज इकडे वाट चुकलात?"

"चुकतोय कसली. सणाचा खिमा द्या. नेहमीचा."

"नेहमीचा?" खाटकाने हात पुसले. "अहो, सणाला तुमच्या घरून खिमा न्यायला कोणी यायचंच थांबलंय, त्याला किती वर्षं झाली. वहिनी यायच्या, नाही असं नाही. दारात उभ्या राहायच्या, माझ्या बायकोची चौकशी करायच्या, आणि जाताना म्हणायच्या, आमच्या ह्यांनी विचारलं तर मांडीचा दिला म्हणून सांगा. मला वाटलं तुमच्यात काही पैज आहे."

"पैजच होती," तो ताबडतोब म्हणाला. जीभ अशा वेळी त्याला विचारत नसे. "मीच तिला म्हटलं होतं, बघू तो खाटीक किती दिवस गप्प बसतो. हरलात तुम्ही."

"आता बघा," खाटीक हसला. "मग देऊ का खिमा?"

द्या म्हणायला तोंड उघडलं होतं. पण दाताच्या फटीत अजून टरफलाचा कडवटपणा होता, आणि तो रिकाम्या पिशवीनिशी रस्त्यावर आला. चालताना—मी चालतोय, तो स्वतःला सांगत होता, मी नीट चालतोय, डावीकडे केशकर्तनालय, पुढे औषधांचं दुकान, सगळं जागच्या जागी आहे—एकच गोष्ट जागेवर नाही, माझी जीभ. काय खाल्लं मी? इतकी वर्षं मी काय चघळत होतो आणि कशाची गोष्ट सांगत होतो?

घरी येऊन त्याने मुलीला फोन लावला.

"चिमणे, विटेत काय असायचं?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"म्हणजे तुला माहीत होतं."

"बाबा, चिडू नका. पहिल्या वर्षी चुकून झालं हो. खिमा खराब निघाला ऐन वेळी, दुकानं बंद, तुम्ही क्रेनवरून यायच्या बेतात. आईने घरात होतं ते घातलं. अक्रोड, शिजवलेला मसूर, मश्रूम, कांदा चांगला काळा होईपर्यंत परतून. ती तुम्हाला सांगणारच होती. पण तुम्ही पहिला घास घेतलात आणि म्हणालात, आजवरची सगळ्यात झकास वीट, मांस असावं तर असं. मग कसं सांगणार?"

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी तिने मुद्दाम केली. कळतंय का बघू म्हणाली."

"जावयाला?"

"त्याला मी लग्नाआधीच सांगितलं. नाहीतर त्याने तोंडाला तरी लावली असती का?"

म्हणजे तो डोळा मारायचा तो... हां.

"मी तुम्हाला सांगणार होते, आई गेल्यावर," मुलगी म्हणाली, "पण तुम्ही त्या खाटकाच्या गोष्टीवर इतके... आणि बाबा, आठवतं का, सुरा उगारण्याच्या जागेवर तुम्ही आलात की ती पाणी आणायला उठायची?"

आठवतं? दर वर्षी. खाटकाने सुरा उचलला आणि मी म्हणालो—की हिची खुर्ची सरकायची. त्याला वाटे, कंटाळली. ऐकून ऐकून कंटाळते बायको, चालायचंच. तो आवाज आणखी चढवून सांगायचा, स्वयंपाकघरात ऐकू जावा म्हणून.

"हसायला जायची," तो म्हणाला.

"असेल."

"असेल म्हणजे?"

"दार लोटून घ्यायची ना. मी एकदाच गेले होते मागून. ओट्याशी पाठमोरी उभी होती. खांदे हलत होते."

"म्हणजे हसतच होती."

"हो... बहुतेक." मग घाईने, "मसूर फार मऊ शिजवू नका, लगदा होतो. आणि पाव शिळाच घ्या."

*

यंत्र टेबलाला आवळलं. अक्रोड, मसूर, मश्रूम. दांडा फिरवला की दुसऱ्या तोंडातून तपकिरी वळवळ बाहेर यायची आणि ती, देवाशप्पथ, खिम्यासारखीच दिसायची. कांदा त्याने पहिल्यांदा करपवला, दुसऱ्यांदा कच्चा ठेवला, तिसऱ्यांदा जमला असावा. असावा. क्रेनवरून जहाजाच्या पोटातलं काही दिसत नाही. काठावर एक माणूस उभा असतो, तो हाताने सांगतो, थोडं डावीकडे, सावकाश, थांब. त्या हातावर भरवसा ठेवून ओझं खाली सोडायचं. बंदरावर त्याला असा हात नेहमी मिळाला. घरी मिळाला तो कुणीकडे नेत होता, कोणास ठाऊक... गोष्ट लांबली की ती दारातून तळवा खाली दाबून दाखवायची, उतरव आता. तो उतरवायचा. तेवढी एक खूण आपल्याला कळायची, असं त्याला वाटायचं.

साच्यात मिश्रण दाबताना त्याच्या मनात आलं, एक तर विचारायचं राहिलं. ती मांस खायची थांबली होती का? की तिला विटेत मांस हवं होतं, आणि माझ्या एका वाक्यापायी सणामागून सण तिने अक्रोड खाल्ले?

वीट ओव्हनमध्ये गेली. एकच. दुसरीची गरज नव्हती.

*

व्याही शांत, विहीणबाई प्रसन्न, जावई केस विंचरून आलेला. विहीणबाईंनी फळांची टोपली आणली होती आणि ती स्वयंपाकघरात न देता आपल्या ताटाशेजारीच ठेवली, हाताशी असावी म्हणून. वरचं संत्रं त्याच्याकडे बघत होतं.

त्याने काप केले. कडा जरा ढासळल्या, पण वीट उभी राहिली. विहीणबाईंनी ताटली नाकाशी नेली.

"दिसतंय मात्र अगदी... ह्यात नक्की आहे तरी काय?"

"अक्रोड," तो म्हणाला. "आणि भांडी, यंत्र, साचा, सगळं शुद्ध. कधीपासून ते विचारू नका, मलाही आजच कळलं."

मुलगी खाली बघत होती. जावयाने डोळा मारला. तो स्वतःच्या बायकोला होता, नेहमीच तिला असायचा, सासरा आपला मध्ये बसलेला. विहीणबाईंनी तुकडा तोंडात टाकला. त्यांनी दुसरा तुकडा तोडला, मोठा.

"पण साधे अक्रोड नव्हेत हे," त्याची जीभ सुटली. "एकदा बंदरात अक्रोडांचं जहाज आलं. नुसते अक्रोड, तळापासून शिडापर्यंत. कप्तान म्हणाला, सांभाळून उचल रे बाबा, एक जरी फुटला तर आवाजाने सगळे फुटतील. मी म्हटलं, क्रेन माझी, जबाबदारी माझी. गाठोडं उचललं, हत्तीएवढं, वर, वर, ढगाला लागलं, आणि तेवढ्यात समोरून एक चिमणी—"

खुर्ची सरकली.

"पाणी आणते," मुलगी म्हणाली. टेबलावरचा जग काठोकाठ भरलेला होता. ती आत गेली आणि दार लोटलं गेलं.

तो थांबला. गोष्टीच्या मध्यात तो आयुष्यात पहिल्यांदा थांबला, त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"मग?" विहीणबाईंनी फळांची टोपली कोपराने बाजूला सरकवली आणि ताटली पुढे केली. "चिमणीने काय केलं? आणि हे बघा, पुढच्या वर्षी मी सकाळीच येईन इथे. हे करताना बघायचंय मला."

हो हो, मी म्हणतो, या ना, अवश्य. काप वाढतो. हेच तर हवं होतं, माझी खुर्ची जागेवर राहिली, आता चिमणीला बोलू द्यायला हवं, सगळे वाट बघताहेत... पण गाठोडं तसंच हवेत आहे, आणि मी मान वळवून त्या लोटलेल्या दाराकडे कान लावून बसलोय. नळाचा आवाज येत नाही.