मागच्या खोलीची तार

खिल्लारे सरांची लाईन ब्रॉडबँडच्या टेस्टिंगला तिसऱ्यांदा नापास झाली, त्या दिवशी मला त्यांच्या घरी चहा मिळाला नाही. पहिल्या वेळी चहा आणि बिस्किटं होती, दुसऱ्या वेळी नुसता चहा. कळमनुरीत लाईनमन म्हणून एकोणीस वर्षं काढल्यावर कोणाचा धीर कुठवर आलाय हे मला कपबशीवरून कळतं.

भीमराज खिल्लारे सर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात. वर्गातली निम्मी पोरं नापास करून घरी येतात आणि निवांत जेवतात. पण स्वतःची तार नापास झालेली त्यांना सोसत नव्हती. निताचा, म्हणजे त्यांच्या पोरीचा, दहावीचा निकाल पंधरा दिवसांवर आला होता. तो नेट कॅफेच्या रांगेत उभं राहून नाही, घरी खुर्चीत बसून बघायचा असं त्यांनी सगळ्या स्टाफरूमला सांगून ठेवलं होतं. कॉम्प्युटर महिनाभर टेबलावर प्लास्टिकच्या झाकणाखाली होता. मोडेम आणलं होतं. मोडेमवरचा हिरवा दिवा मात्र लुकलुकायचा, क्षणभर थांबायचा आणि पुन्हा लुकलुकायचा. तो न लुकलुकता जळत राहिला की लाईन पास.

लाईन नापास झाली की आमचं काम ठरलेलं असतं. आधी एक्स्चेंजमध्ये मीटर लावायचं, मग रस्त्यावरच्या पेटीला, मग खांबावरच्या डबीला, मग घरात. जिथून आकडा बिघडतो तिथं दुखणं. खिल्लारे सरांचा आकडा खांबापर्यंत बरोबर होता. खांबापासून घरापर्यंत अडतीस मीटर तार. त्या अडतीस मीटरमध्ये जोड एकच, बाहेरच्या भिंतीवर, पन्हाळीच्या आड. तो जोड मीच मारलेला होता, कुठल्याही कागदावर न लिहिता.

म्हणून मी पहिल्या खेपेला खांबाची डबी बदलली, दुसऱ्या खेपेला घरातलं सॉकेट बदललं, तिसऱ्या खेपेला मोडेमच बदलून पाहिलं. पन्हाळीकडं पाहिलंसुद्धा नाही.

हा जोड एकोणीसशे नव्व्याण्णव सालचा. त्याच्या आदल्या वर्षी सरांची धाकटी बहीण शिला नांदेडला नर्स म्हणून लागली आणि तिथं जगन राठोड नावाच्या पोराशी तिनं नोंदणी लग्न केलं. जगन आमच्या तांड्याकडचा, माझ्या लांबच्या नात्यातला. चार महिन्यांनी शिलाचे वडील शेषराव गेले. साखरेचा आजार त्यांना बारा वर्षांपासून होता, पण पंचफुलामावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बारा वर्षं सोडली आणि चार महिने धरले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंते निघून गेल्यावर पंधरावीस माणसांसमोर त्या म्हणाल्या की शिलाशी माझं बोलणं संपलं, या जन्मात तिच्याशी तोंडातून शब्द काढणार नाही. म्हणाल्या आणि भांडी घासायला बसल्या. शिला तिथंच उंबऱ्यावर उभी होती.

सरांनी बहिणीला तोडलं नाही. दर रविवारी दुपारी दोनला शिलाचा फोन यायचा, तो सरांची बायको सपनावहिनी घ्यायच्या. सुरुवातीला त्या मागच्या खोलीकडं तोंड करून हाक मारायच्या, "माय, शिलाताईचा फोन हाय." खोलीतून उत्तर यायचं नाही. काही महिन्यांनी हाक बंद झाली.

त्या सुमारास मावशींनी मला गल्लीत अडवलं. म्हणाल्या, "वसराम, तुह्या तांड्यातल्या पोरानं माझं घर मोडलं. आता तू माझं एक काम कर." मागच्या खोलीत एक फोन पाहिजे, म्हणाल्या. वाजला नाही पाहिजे. पुढच्या खोलीत कळलं नाही पाहिजे. आणि त्यातून बोलता आलं नाही पाहिजे.

मी विचारलं, बोलायचं नाही तर फोन काहून पाहिजे.

"शब्द काढणार न्हाई म्हणले होते मी," त्या म्हणाल्या. "ऐकणार न्हाई असं म्हणले न्हवते."

मी त्यांना एक जुना बटणांचा फोन आणून दिला. घंटीची तार काढली, बोलायच्या बाजूची बारीक तार आतून कापली आणि पन्हाळीआड जोड मारून दुसरी तार मागच्या खिडकीतून आत घेतली. फोन त्यांनी गोधड्यांच्या पेटीत ठेवला. तेव्हापासून दोन हजार सातच्या जूनपर्यंत चारशेच्या वर रविवार झाले. या चारशे रविवारांत मावशींनी ना मला त्याबद्दल काही विचारलं, ना मी त्यांना. रस्त्यात दिसल्या तर मान हलवायच्या.

चौथ्या खेपेला माझा इलाज संपला. हिंगोलीच्या साहेबांनी फोनवर सरळ सांगितलं की लाईनवर कुठंतरी पॅरलल फोन आहे, तो आधी काढा. सर शनिवारी डोंगरकड्याला लग्नाला गेलेले पाहून मी मागच्या बाजूनं गेलो. मावशी तुरी निवडत बसल्या होत्या. मी सगळं समजावून सांगितलं. एकाच तारेवरून आता बोलणं आणि नेट दोन्ही जाणार, मध्ये स्प्लिटर नावाची एक डबी बसते, ती दोघांना वेगळं करते. तुमचा जोड डबीच्या अलीकडं आहे म्हणून सगळं गढूळ होऊन राहिलं.

"किती दिस?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, आता सोडवून बघतो. सोमवारपर्यंत दिवा टिकला तर मग कायमचंच.

सुपातला एक खडा उचलून त्यांनी बाजूला ठेवला, मग दुसरा. माझ्या जाण्याची वाट पाहत होत्या की ऐकूच आलं नाही असं दाखवत होत्या, हे मला कळलं नाही. एवढ्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलेलं मी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही नाही. मी पन्हाळीआडचा जोड सोडवला, चिकटपट्टी लावली. पुढच्या खोलीत जाऊन पाहिलं तर दिवा थांबला होता. वहिनींनी चहा केला. बिस्किटं परत आली.

सोमवारी सकाळी अकराला मी फॉर्मवर सही घ्यायला गेलो. सर कॉम्प्युटरसमोर बसून नेटवर स्वतःच्याच शाळेचं नाव शोधत होते आणि ते सापडत नव्हतं म्हणून शाळेवरच चिडले होते. वहिनींनी मला खुणेनं अंगणात बोलावलं.

"वसरामभाऊ, तुमी मागची तार सोडली का?"

मग वहिनींनीच सगळं सांगितलं. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मागच्या खोलीत रिसिव्हर उचलला की पुढच्या फोनमध्ये बारीक कट्ट होतं आणि आवाज निम्मा होतो. माझ्यासारख्या माणसानं हा हिशेब धरायला हवा होता, धरला नव्हता. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी वहिनींनी शिलाला तसं सांगूनही टाकलं. तेव्हापासून शिला बोलायची ती वहिनींशी, पण सांगायची ते मावशींना. पोरीला कांजिण्या आल्या, रात्रपाळी बदलली, जगनचा पाय मुरगळला. वहिनी मुद्दाम एकच गोष्ट दोनदा विचारायच्या, पहिल्यांदा नीट ऐकू आलं नसेल तर म्हणून. घरात हे एकट्या सरांना माहीत नव्हतं. परीक्षेत कॉपी करणारं पोरगं ते पाठीवरून ओळखतात.

काल रविवारी शिलाचा फोन आला तो मोठ्या आवाजात. कट्ट झालं नाही. शिला दोन वाक्यं बोलून थांबली आणि म्हणाली, "वहिनी, आज आवाज एवढा साफ कसा येऊन राहिला?" शिलानं विचारलं, माय कुठंय. वहिनींनी वाकून पाहिलं तर मावशी भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. झोपल्यात, असं वहिनी म्हणाल्या. दुपारी दोनला मावशी कधी झोपलेल्या नाहीत हे शिलाला ठाऊक होतं. तिनं फोन ठेवून दिला.

वहिनींचं सांगणं संपतं न संपतं तोच शिला स्वतः आली. नांदेडच्या एसटीनं आली होती, हातात एक पिशवी, अंगावर ड्यूटीचीच पांढरी साडी. आठ वर्षांत या दारात पहिल्यांदा. वहिनींना म्हणाली, "माय घरीच हाय का दवाखान्यात नेलं?"

कोणी उत्तर द्यायच्या आत ती बोळातून मागं गेली. आम्ही तिच्या मागं. सरही उठून आले.

मावशी दाराशी बसल्या होत्या. धडधाकट. त्यांनी वर पाहिलं, शिलाच्या पायांपासून डोक्यापर्यंत एकदा पाहून घेतलं. शिला जागीच उभी राहिली. दोघींच्या मध्ये तुरीचं सूप होतं. रडणं नाही, धावणं नाही. मला वाटतं आम्हा तिघांनाच काहीतरी व्हावं असं वाटत होतं, त्या दोघींना नाही.

मग मावशी माझ्याकडं वळल्या.

"वसराम, तार जोडून दे."

"कोणती तार?" सरांनी विचारलं.

सरांनी खिडकीतून आत गेलेली तार पाहिली, पन्हाळ पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. हळूहळू त्यांची बेरीज जुळत गेली. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा मला वाटलं आता माझी तक्रार हिंगोलीला जाणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, "आणि माझा दिवा?"

"जोडा भाऊ," शिला मला म्हणाली. आवाजात राग नव्हता, समाधानही नव्हतं. नर्स सलाईन बदलायला सांगते तसा आवाज. "मी फोनवरच बरी हाय तिला."

शनिवारी मला सुचायला हवं होतं ते तेव्हा सुचलं. स्प्लिटरची डबी घरात टेबलावर ठेवण्याऐवजी बाहेर, तार भिंतीला लागते तिथंच बसवायची. तिथून एक तार मोडेमला. बोलायची तार वेगळी काढायची आणि तिलाच दोन फाटे द्यायचे, एक पुढं, एक मागं. म्हणजे जोड डबीच्या पलीकडं जातो आणि दिव्याला त्याचा त्रास होत नाही. इतकं सोपं होतं. मी चार खेपा वाया घातल्या होत्या आणि एक रविवार.

काम अर्ध्या तासाचं होतं. शिला तेवढा वेळ अंगणातल्या बाजेवर बसून राहिली. वहिनींनी पाणी दिलं ते तिनं घेतलं. मावशी निवडत राहिल्या. मी खिडकीपाशी गेलो तेव्हा हळू आवाजात विचारलं, "मावशी, बोलायची तारपण जोडून देऊ का? दोन मिनिटांचं काम हाय."

"न्हाई."

टेस्टिंगला दोन्ही रिसिव्हर उचलून पाहावे लागतात, दिवा टिकतो का ते. सर मोडेमसमोर बसले. पुढच्या फोनवर कोणी बसायचं असं मी विचारलं तेव्हा शिला उठली. मागचा मावशींनी पेटीतून काढला, सगळ्यांसमोर, आणि मांडीवर घेतला. मी भिंतीशी माझा टेस्टिंगचा फोन लावून उभा. मी शिलाला म्हणालो, एखादं बटण दाबा म्हणजे टोन जाईल, मग काहीपण बोला.

टोन गेला. मावशींनी रिसिव्हर उचलून कानाला लावला. कट्ट झालं. आवाज निम्मा झाला.

"वहिनी," शिला म्हणाली. वहिनी तर माझ्याशेजारी अंगणात उभ्या होत्या. "वहिनी, पोरीचे पुढचे दोन दात पडले. माझी बदली दुसऱ्या वॉर्डात झाली, तिथं पायऱ्या लई हायत. जगन बरा हाय. लोणचं घातलं यंदा मी. पण त्याला पाणी सुटून राहिलं, वर बुरशीवाणी येऊन राहिलं. टाकून द्यावं का काय करावं?"

मग तिनं कोणी उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ सोडला. माझ्या कानात नुसती तार होती. वीस पावलांच्या आत दोघी बसलेल्या, मध्ये एक भिंत आणि माझा नवा जोड.

आतून सर ओरडले की दिवा टिकलाय. मी हातानं थांबा म्हणालो.

"बरं वहिनी, ठेवते मी," शिला म्हणाली.

सरांनी फॉर्मवर सही केली. शेऱ्याच्या रकान्यात मी 'समाधानकारक' असं लिहिलं, तिथं दुसरं काही लिहायची सोय नसते. शिलानं पिशवी उचलली, दीडची गाडी होती तिला. बोळाच्या तोंडाशी पोचली तेव्हा मावशी मागच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. शिला त्यांच्यापासून तीन हातांवर होती. मावशींनी तिच्याकडं पाहिलं नाही.

"सपना," त्या म्हणाल्या, "तिला सांग, मीठ कमी पडलं असल. वरचं काढून टाक म्हणावं. दोन मुठी मीठ भाजून घे, गार होऊ दे, मग घाल. गरम घालू नको म्हणावं."

वहिनी शिलाकडं वळल्या, पण सांगायचं काही उरलं नव्हतं.

"बरं म्हणावं," शिला वहिनींना म्हणाली, आणि स्टँडकडं चालू लागली.