पायाळूचा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना आधी माझे पाय आले, डोकं मागून. ‘ते अजून मागेच आहे,’ असं आमचे यजमान भय्यासाहेब, होते तोवर, म्हणायचे. म्हणोत बापडे. जबलपूरच्या आम्हा मराठी घरांत कुणाच्या पाठीत उसण भरली की बोलावणं मलाच यायचं. पायाळूनं दुखऱ्या जागी तीनदा पाय लावला की उसण उतरते, हे आम्हाला आजीपणजीपासून ठाऊक.

डिसेंबरात माझ्या धाकट्या जावेचा, विनताचा, फोन आला. "बेबीताई, रिछाईहून येताना ऑटो ब्रेकरवर असा आदळला, कमरेत चमकच भरली. या ना जरा."

गेले. तिला पालथं झोपवलं. दोनदा नुसता पाय टेकवला. तिसऱ्यांदा वाटलं, आता नीट जोर देऊ. विनता अशी किंचाळली की मी पाय झटकन मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी तिला उठता येईना. तिचा मुलगा गौरांग तिला दवाखान्यात घेऊन गेला. मीही सोबत. एक्स-रे बघून डॉक्टर यामिनी, वयानं माझ्या मुलीएवढी पोर, म्हणाली, "कमरेतला मणका दबलाय. फ्रॅक्चर आहे. या वयात हाडं आतून पोकळ होतात, मग एक हिसकाही पुरतो. धक्क्यानंतर मालिश, दाब, असं काही केलं का?"

माझ्याकडे न बघता विनता म्हणाली, "नाही."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण लगेच स्वतःचीच चीड आली. ही जन्माची अंथरुणाला खिळली, तर मी काय तोंड दाखवणार होते?

"केलं," मी म्हणाले. "मी पाठीवर पाय दिला. चांगला जोर लावून."

गौरांग उसळलाच. "काकू, आप भी ना! काहून केलं असं?"

डॉक्टर मात्र रागावली नाही. "सांगितलंत ते बरं केलं. मग नुसत्या एक्स-रेवर भागणार नाही." तिनं एमआरआय काढायला लावला. मणक्यामागच्या नसा दबल्या असतील तर ऑपरेशन, नाहीतर नुसता कमरेला पट्टा. बाहेरच्या बाकावर बसून मी नर्मदामाईला विनवत होते, माझे पाय घे, पण तिचे राहू दे.

नसा मोकळ्या होत्या.

"माझ्या पायानं किती बिघडलं?" मी विचारलंच.

"थोडं वाढलं असेल. नक्की नाही सांगता येणार. पण हाड जुळतं, आजी. तीन महिने पट्टा. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, हाडांचं औषध चुकवायचं नाही. आणि लोळत पडायचं नाही, रोज चालायचं."

चालवायचं काम मी घेतलं. रोज सकाळी सात वाजता सिव्हिल लाइन्समधल्या तिच्या घरी हजर. आधी पलंग ते दार, मग फाटक, मग कोपऱ्यावरची चहाची टपरी. पट्टा सैल दिसला की मी ओरडायची, आणि ती करवादायची, "सासू होऊन राहिल्या का माझ्या?"

मार्चात पट्टा सुटला. नव्या एक्स-रेत हाड छान जुळलेलं. घरी आल्यावर विनता एकटी, कशाला न धरता, फाटकापर्यंत गेली आणि परत आली. मला रडूच फुटलं.

"माफ कर गं बाई. माझ्या मेल्या पायावर भरवसा ठेवला तू."

"भरवसा? पायाळू-बियाळू मी कधीच मानलं नाही."

"मग बोलावलं काहून?"

"भय्यासाहेब गेल्यापासून दोन वर्षं तुम्ही दार लावून बसल्या. जेवायला बोलावलं तर नाही, सणाला तर नाही. म्हटलं, कुणाच्या दुखण्याला तरी याल."

"अगं भवाने! त्यासाठी पाठ पुढे केली?"

"मला काय माहीत, तुम्ही एवढा जोर लावाल!"

हसू आणि रडू, दोन्ही एकदम आलं. डोळे पुसून मी निघाले, तर तिनं माझा हात धरला. "आता पट्टा सुटला. उद्यापासून यायच्या नाही का तुम्ही?"

"चालणं बंद कर असं डॉक्टर म्हणाली का?" मी खेकसले. "सात वाजता चपला घालून तयार राहा."