बत्तीस पानांवरच्या सह्या

कंपवातावरच्या नव्या औषधाच्या चाचणीत आमच्या ह्यांचा नंबर लागला. संमतीपत्र बत्तीस पानांचं आणि पानोपानी सही हवी. ह्यांनी तासभर खपून सगळ्या केल्या. पहिली सही ठसठशीत होती, विसाव्या पानावर ती तांदळाच्या दाण्याएवढी झाली आणि शेवटच्या पानावर मेलेल्या मुंगीसारखा ठिपका उरला.

आठवड्याने चाचणीच्या बाईंनी फॉर्म माझ्या हातात परत ठेवला. "पहिली सही शेवटच्या सहीशी जुळत नाही. दुसऱ्याच कुणीतरी केलेली दिसते."

"अहो, ह्या आजारात अक्षर बारीकच होत जातं."

"मग तसं डॉक्टरांकडून लिहून आणा."

डॉक्टर शेजारच्या हॉलमध्ये नव्या डॉक्टरांना ह्याच आजाराचं प्रशिक्षण देत होते. मी दाराशी उभी राहिले. समोर भल्यामोठ्या पडद्यावर ह्यांच्याच सह्या झळकत होत्या, एकीखाली एक.

"इतका सुंदर नमुना मी वीस वर्षांत पाहिला नाही," डॉक्टर म्हणाले. "ह्यावरून आजार शिपाईसुद्धा ओळखेल."

तास संपल्यावर मी दाखला मागितला.

"देतो की. आधी दाखल्याच्या अर्जावर पेशंटची सही आणा. जरा वाचता येईल अशी."

मी बाईंकडून संमतीपत्राचा कोरा फॉर्म घेऊन घरी आले आणि बत्तीसच्या बत्तीस सह्या स्वतःच ठोकल्या. फॉर्म एका फटक्यात पास झाला.

"बघा," बाई ह्यांना म्हणाल्या, "मनावर घेतलं की जमतं."